घर बाबांच्या नावावर, राहते त्यांच्याबरोबर. म्हाडा-सिडकोच्या सोडतीत मी बसते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी २९ वर्षांची, अविवाहित. कळव्याला आई-बाबा आणि धाकट्या भावाबरोबर वन-आरकेत राहते. घर बाबांच्या नावावर. ऐरोलीत खासगी नोकरी, वर्षाचा पगार ५ लाख ४० हजार. बाबांना पेन्शन आहे, भावाची नुकतीच नोकरी लागली आहे. पुढच्या वर्षी लग्न ठरतंय. एका एजंटने सांगितलं, 'आई-वडिलांच्या रेशनकार्डावर नाव असेल तर तुमचा अर्ज बाद होईल. आधी वेगळं कार्ड काढा, भाड्याचा करार दाखवा, मग बघू.' त्यासाठी तो पैसेही मागतोय. शेवटी तिने विचारलंय की इमारत क्लस्टरमध्ये, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासात, गेली तर भावंडांना वेगळी घरं मिळतील का.

मी ठाण्यात वकिली करते. घरांचे दस्त आणि सोडतीच्या अर्जांची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आधी उत्तर देते आणि मग त्यामागचं कारण सांगते. म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत तुम्ही बसता. आई-वडिलांबरोबर राहणं आड येत नाही, रेशनकार्डही आड येत नाही. पण जे घर पंतप्रधान आवास योजनेतलं असेल तिथे हे उत्तर बदलू शकतं, आणि तुमचं उत्पन्न ज्या गटात बसतं त्या गटातली बरीच घरं नेमकी त्याच योजनेतली असतात. म्हणून पुढचं नीट वाचा.

खरी अडचण 'कुटुंब' कुणाला म्हणायचं ही आहे. रेशनच्या कार्डावर कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. नोकरी आणि शिक्षणातल्या १० टक्के आरक्षणासाठी कुटुंब म्हणजे उमेदवार, त्याचे आई-वडील, १८ वर्षांखालची भावंडं, पती किंवा पत्नी आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, मुलं. म्हाडाच्या सोडतीत कुटुंब म्हणजे अर्जदार आणि लग्न झालं असेल तर त्याचा जोडीदार; मालकी बघताना अज्ञान मुलंही. आवास योजनेत चौथीच व्याख्या. चारही सरकारीच, पण एकीचा नियम दुसरीला लावला की घोटाळा होतो. एजंटने केलंय ते हेच. रेशनचा नियम उचलून त्याने सोडतीला चिकटवला. माझ्या हातून गेलेल्या सोडतीच्या एकाही माहितीपुस्तिकेत स्वतंत्र शिधापत्रिका ही पात्रतेची अट नव्हती.

आता उत्पन्न. म्हाडा गेल्या आर्थिक वर्षाचं, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्चचं उत्पन्न बघते. अविवाहित माणसाचं फक्त स्वतःचं, विवाहिताचं पती-पत्नी दोघांचं मिळून. बाबांची पेन्शन आणि भावाचा पगार त्यात येत नाही, मग तुम्ही एका खोलीत राहत असा की चार खोल्यांत. २०२२ पासून मुंबई महानगर प्रदेशासाठी गट असे आहेत: वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम आणि १२ लाखांच्या वर उच्च. ठाणे, कळवा, नवी मुंबई, कल्याण, वसई-विरार हे सगळं या प्रदेशातच येतं. ५ लाख ४० हजारांवर तुम्ही अत्यल्प गटात आहात. त्याच सुधारणेनंतर खालच्या गटातल्या माणसाला वरच्या गटाच्या घरासाठीही अर्ज करता येतो, वरच्याला मात्र खाली उतरता येत नाही. तुमच्यासाठी हे मोलाचं आहे. अत्यल्प गटातल्या घराला काही अडचण आली तर अल्प गटाचा रस्ता तुम्हाला मोकळा आहे. फक्त मग हप्ता पेलतो का ते बघायचं. त्याचा हिशेब खाली करते.

एक सावधगिरी आत्ताच सांगते. पगारवाढ किंवा बोनस धरून गेल्या वर्षाचा आकडा ६ लाखांच्या वर गेला असेल तर तुम्ही अल्प गटात जाता. आयकर विवरणपत्रात काय दिसतंय ते उघडून बघा. 'महिन्याला पंचेचाळीस हजार' या अंदाजावर गट निवडू नका.

उत्पन्नाच्या दाखल्यातला गोंधळ मला इतक्या वेळा दिसतो की त्यावर जरा थांबते. म्हाडाला उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला चालतो. आई-वडिलांबरोबर राहणारी तरुण मुलं तहसीलच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जातात आणि तिथे सवयीने वडिलांच्या नावाने, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला काढला जातो, कारण शाळा-कॉलेजच्या फीसाठी आजवर तोच लागत आलेला असतो. तो दाखला अपलोड केला की अर्ज अडकतो. दाखल्यावर नाव तुमचं आणि उत्पन्न तुमचं हवं. तुम्ही पगारदार आहात, तेव्हा विवरणपत्र भरणं सगळ्यात सोपं. कर लागत नसला तरी भरता येतं. बँकेत गृहकर्जाला गेलात की तेच विचारतात, म्हणजे एकाच कागदात दोन कामं होतात.

याच्याच जवळचा दुसरा गोंधळ. १० टक्के आरक्षणाचं जे 'ईडब्ल्यूएस' प्रमाणपत्र असतं, ज्याला ८ लाखांची मर्यादा आहे आणि ज्यात आई-वडिलांचं उत्पन्न धरतात, त्याचा घराच्या अत्यल्प उत्पन्न गटाशी काहीही संबंध नाही. इंग्रजी अक्षरं तीच असल्यामुळे लोक ते जोडतात किंवा ते मिळालं नाही म्हणून अर्जच करत नाहीत. तुमच्याकडे ते नसेल तर नसू द्या.

उत्पन्नानंतर येते मालकी, आणि माझ्या अनुभवात अविवाहित मुलामुलींचे अर्ज पडतात ते इथे. अट अशी असते की अर्जदाराच्या, त्याच्या जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर, ज्या महानगरपालिका वा नगरपालिका हद्दीत ती योजना आहे त्या हद्दीत, मालकीचं घर किंवा निवासी भूखंड नसावा आणि ते गृहनिर्माण संस्थेचे सभासदही नसावेत. यात आई-वडील नाहीत. बाबांचं कळव्याचं घर ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि तुम्ही ठाण्यातल्या घरासाठी अर्ज केलात, तरी ते घर बाबांचं. बाबा हयात आहेत आणि घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलंय, तर आज त्यात तुमची मालकी नाही. 'मी वारस आहे, मग माझं घर आहे असं धरतील का?' ही भीती सोडा. वारसाहक्क मृत्यूनंतर सुरू होतो.

पण 'घर बाबांच्या नावावर आहे' हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे का? मी हे उगाच विचारत नाही. ठाण्यात, डोंबिवलीत, नवी मुंबईत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांनी घरं घेतली त्यांतल्या कित्येकांनी करारनाम्यात दुसरं नाव मुलाचं किंवा मुलीचं घातलेलं असतं. कधी बँकेने वडिलांचं वय जास्त आहे म्हणून कमावत्या मुलाला कर्जात घेतलेलं असतं, कधी आईनेच हट्ट धरलेला असतो की पोरीचं नाव असू दे. घरात सगळे 'बाबांचं घर' म्हणतात आणि कागदावर मालक दोन असतात. वर्तकनगरचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा सोडतीत नाव लागलेलं होतं. कागद काढले तर वडिलांच्या फ्लॅटच्या नोंदणीकृत करारनाम्यात हा दुसरा खरेदीदार. नोकरी लागली त्या वर्षी त्याने सही केली होती, आपण कर्जाला जामीन राहिलो एवढंच त्याच्या डोक्यात होतं. घर गेलं. त्याने लपवलं काहीच नव्हतं, त्याला माहीतच नव्हतं. पण स्वयंघोषणापत्रावर सही त्याची होती.

म्हणून अर्जाआधी तीन कागद बघा. नोंदणीकृत करारनाम्याची सूची क्रमांक २, ज्याला सगळे इंडेक्स-टू म्हणतात. त्यात खरेदीदार म्हणून कोणाची नावं आहेत ते. ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्येही शोधता येते. मग सोसायटीचं भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. आणि कर्ज घेतलं असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. मंजुरीपत्रात तुम्ही फक्त सहकर्जदार असाल आणि करारनाम्यात नाव नसेल तर तुम्ही मालक नाही. कर्जाची जबाबदारी आणि घराची मालकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोसायटीत बाबांनी तुम्हाला नॉमिनी केलं असेल तरी तुम्ही मालक होत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो.

कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात आणखी एक प्रकार आहे. इमारत अनधिकृत, व्यवहार नोटरीवर झालेला, इंडेक्स-टू नाहीच. तुमचं तसं असेल तर नोटरीच्या कागदावर कोणाचं नाव आहे ते बघा. तुमचं नाव असेल तर 'नोंदणी नाही म्हणजे मालकी नाही' असा युक्तिवाद स्वतःच्या मनाने करून अर्ज भरू नका. कागद घेऊन एखाद्या वकिलाला दाखवा, मग ठरवा.

इंडेक्स-टूवर तुमचं नाव निघालंच तर? पहिला पर्याय, दुसऱ्या महानगरपालिकेच्या हद्दीतल्या योजनेत अर्ज करायचा. म्हाडाच्या कोकण मंडळाकडे ठाण्याशिवाय पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हेही आहेत. कळव्यात वाटा असताना कल्याणजवळच्या शिरढोण-खोणीला किंवा विरार-बोळिंजला अर्ज करायला ही मालकीची अट आडवी येत नाही, अर्थात घर आवास योजनेतलं नसेल तर. दुसरा पर्याय, बाबांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून वाटा सोडणं. हे कायदेशीर आहे, पण अर्जाच्या आधी व्हायला हवं आणि खरं व्हायला हवं. वाटा एकदा सोडला की तो गेला. उद्या भावाशी वाद झाला तर 'ते फक्त सोडतीपुरतं केलं होतं' याला काही अर्थ राहणार नाही. माझं स्पष्ट मत आहे: सोडतीत नाव लागण्याच्या आशेवर, विशेषतः मुलींनी, हातातला पक्का वाटा सोडू नये. दुसऱ्या हद्दीतल्या घरासाठी प्रयत्न करा.

वडील हयात नसतील त्यांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण बऱ्याच जणांना लागू पडतं म्हणून दोन वाक्यं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. सोसायटीत नाव अजून वडिलांचंच असलं तरी. तेव्हा 'माझ्या नावावर काही नाही' असं लिहिण्याआधी त्या वाट्याचा विचार करावाच लागतो.

आता आवास योजना. पंतप्रधान आवास योजनेची शहरी शाखा २०१५ साली सुरू झाली आणि दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला. या योजनेत लाभार्थी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलगे-मुली. 'अविवाहित' या शब्दाकडे बघा, वयाचा उल्लेख नाही. तुम्ही २९ वर्षांच्या असलात तरी लग्न झालेलं नाही, म्हणून या व्याख्येप्रमाणे तुम्ही आई-बाबांच्या कुटुंबात मोजल्या जाता. आणि अट अशी की कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. इथे बाबांचं कळव्याचं घर थेट आड येतं. पहिल्या टप्प्यात पुढे एक दुरुस्ती झाली: कमावत्या सज्ञान व्यक्तीला, लग्न झालेलं असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब मानता येईल, त्याच्या स्वतःच्या नावावर देशात कुठे पक्कं घर नसेल तर. या एका वाक्यावर अनेक अविवाहित मुलामुलींना घरं मिळाली. पण ती सवलत सगळीकडे आणि कायम आहे असं गृहीत धरू नका. ज्या घरासाठी अर्ज करताय ते कोणत्या टप्प्यातलं आहे आणि त्या जाहिरातीत 'कुटुंब' कसं लिहिलंय, ते शब्दन् शब्द वाचा. कोकण मंडळाच्या शिरढोण, खोणी, गोठेघर, भंडार्ली इथल्या योजनांमध्ये आवास योजनेची घरं आहेत, म्हणून अर्जात योजनेचा संकेत क्रमांक (कोड) निवडताना त्यापुढे योजनेचं नाव काय आहे ते आधी बघायचं.

या योजनेत गावचं घरही मोजलं जातं, हे आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत संगमेश्वरचं किंवा पाटणचं घर कोणी विचारत नाही, कारण अट त्या शहराच्या हद्दीपुरती असते. आवास योजनेत 'देशात कुठेही' असं आहे. आजोबांच्या घराला पंचायतीच्या घरपट्टीत काकांच्या नावाबरोबर बाबांचं नाव असतं, कधी आजोबांनी नातवंडांचीही नावं लावून ठेवलेली असतात. सोडतीच्या काळात गावाला फोन करून ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर (नमुना आठ) नावं कोणाची आहेत ते विचारून घ्या. घर पक्कं आहे की मातीचं, एवढाच प्रश्न नाही. नाव कोणाचं, हाही आहे.

आवास योजनेतल्या अत्यल्प गटाची उत्पन्नमर्यादा देशभर ३ लाख होती. मुंबई महानगर प्रदेशासाठी ती २०२३ मध्ये ६ लाख झाली. म्हणून तुमच्या पगाराची मुलगी आज या योजनेच्या घरांकडे बघू शकते. पहिल्या टप्प्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असं अडीच लाखांचं अनुदान मिळत होतं. म्हणूनच लोक अटी न वाचता तिकडे धावतात. अनुदान चांगलंच आहे, मी नाकारत नाही. पण पात्रता घासून बघावी लागते.

इथवरचं एकत्र करून सांगते. तुमच्या स्वतःच्या नावावर ठाण्यात काही नसेल तर ठाण्यातल्या म्हाडाच्या नेहमीच्या घरांसाठी, अत्यल्प किंवा अल्प गटात, तुम्ही निर्धास्त अर्ज करू शकता. २० टक्के सर्वसमावेशक योजनेतली घरंही यात आली. मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खासगी विकासकांना २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प गटासाठी ठेवावी लागतात आणि त्यांचे लाभार्थी म्हाडा सोडतीने निवडते. घोडबंदर रस्त्यावर, कल्याणला, नवी मुंबईत अशी घरं येतात. तुमच्यासारख्या नोकरदार, एकट्या अर्जदारासाठी मला ही सगळ्यात चांगली वाटतात, कारण ठिकाण कामाच्या जवळ असतं. फक्त व्यवहार विकासकाशी होतो, तेव्हा देखभाल, पार्किंग वगैरेचे आकार वेगळे किती लागतात ते आधी विचारा.

सिडकोचं गणित थोडं वेगळं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' या योजनेत वाशी, खारघर, तळोजा, बामणडोंगरी, खारकोपर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल, कळंबोली अशा ठिकाणची सुमारे २६ हजार घरं होती. त्यात ६ लाखांपर्यंतचा गट आवास योजनेशी जोडलेला होता, म्हणजे वर सांगितलेला कुटुंबाचा आणि 'देशात कुठेही'चा प्रश्न तिथे लगेच येतो. ६ लाखांच्या वर अल्प उत्पन्न गट. तिथे बघायचं ते अर्जदाराच्या घरात कोणाच्या नावावर नवी मुंबईत आधीच घर आहे का हे. इथे 'नवी मुंबई' म्हणजे फक्त नवी मुंबई महानगरपालिका नव्हे. सिडकोचं क्षेत्र पनवेल-उरणकडेही पसरलेलं आहे. ऐरोलीला रोज जाता म्हणून कळवा नवी मुंबईत मोजत नाहीत, त्यामुळे तुमचं उत्पन्न ६ लाखांच्या वर गेलं, तर अल्प गटात बाबांच्या घराचा तिथे प्रश्नच नाही. पण किमती बघा. त्या योजनेत घरं साधारण २५ लाखांपासून ९७ लाखांपर्यंत होती.

म्हणून हप्त्याचा हिशेब. २० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं: महिन्याला साधारण १७ हजार ३५० रुपये. ४५ हजारांच्या पगारात हे जमतं. ४० लाखांचं कर्ज घेतलंत तर हप्ता ३४ हजार ७०० होतो, आणि तो तुमच्या एकटीच्या पगारावर कोणी देऊ नये आणि तुम्ही घेऊही नये. सोडत लागली की पैसे भरायला काही आठवड्यांचीच मुदत असते. नाव लागूनही कर्जाअभावी घर सोडणारी माणसं मी बघितली आहेत, आणि ते फार जिव्हारी लागतं. बाबा काही रक्कम देत असतील तर त्यात गैर काही नाही. वडिलांनी मुलीच्या घरासाठी ज्ञात उत्पन्नातून पैसे देणं बेनामी ठरत नाही. खात्यावरून द्यावेत, रोख नको. शिवाय घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ठाण्यात ७ ऐवजी ६ टक्के. ३० लाखांच्या घरावर ३० हजार वाचतात.

लग्नाचं. अर्ज भरताना जी स्थिती आहे ती लिहायची, पुढची नाही. आज अविवाहित आहात तर उत्पन्न तुमचं एकटीचं, ५ लाख ४० हजार. लग्नानंतर अर्ज केलात आणि नवऱ्याचं उत्पन्न समजा ६ लाख असेल, तर दोघांचं मिळून ११ लाख ४० हजार, म्हणजे थेट मध्यम गट. अत्यल्प आणि अल्प दोन्ही बंद. त्याच्या नावावर ठाण्यात फ्लॅट असेल तर तुम्ही दोघंही ठाण्यातल्या घरासाठी अपात्र. म्हणून लग्नाआधी सोडत जाहीर झाली तर आत्ताच अर्ज करा, यात लबाडी काही नाही. पण सोडतीसाठी लग्न पुढे ढकलू नका किंवा नोंदणी लांबवून अविवाहित असल्याचं लिहू नका. होणाऱ्या नवऱ्याला विचारून घ्या, त्याच्या नावावर कुठे काय आहे. हा प्रश्न लग्नाआधी विचारायला अवघड वाटतो, मला माहीत आहे, पण घर दोघांचं होणार आहे. आणखी एक बारीक गोष्ट: अधिवास प्रमाणपत्र, पॅन आणि आधार आत्ता माहेरच्या नावाने आहेत. अर्ज ते घर ताब्यात येईपर्यंतच्या काळात यांतला एकच कागद बदलू नका. तीनही एका नावात राहू द्या.

कागद फार लागत नाहीत. आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा. म्हाडाच्या नव्या संगणकीय प्रणालीत ही तपासणी सोडतीच्या आधीच होते, म्हणून जाहिरात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. अधिवास प्रमाणपत्राला वेळ लागतो. जुनं, बारकोड नसलेलं असेल तर 'आपले सरकार' या सरकारी संकेतस्थळावरून नवं काढून ठेवा. आधारवर पत्ता आई-बाबांचा आहे, तो तसाच राहू दे. मागासवर्गीय राखीव गटातून अर्ज करणार असाल तर जातीचं प्रमाणपत्र तुमच्या नावाचं लागतं, वडिलांचं नव्हे. म्हाडाचं अर्ज शुल्क जीएसटीसह ५९० रुपये आहे, ते परत मिळत नाही. अनामत रक्कम मात्र नाव न लागल्यास परत येते.

आता त्या एजंटबद्दल. म्हाडाने कोणताही एजंट नेमलेला नाही, हे म्हाडा प्रत्येक सोडतीत जाहीर करते. तुम्ही आई-बाबांबरोबर राहत असताना अकरा महिन्यांचा भाडेकरार दाखवणं म्हणजे खोटा दस्त करणं. त्याचा पात्रतेत उपयोग शून्य, कारण तुमच्या पात्रतेला वेगळं राहण्याची अटच नाही. पण उद्या तपासणीत विसंगती निघाली, आधारवर कळवा आणि करारात घणसोली, तर उत्तर द्यावं लागेल तुम्हाला. खोट्या माहितीवर मिळालेलं घर रद्द होतं. मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं: चांगल्या पात्र मुली अशा सल्ल्याने स्वतःच्या खऱ्या अर्जात खोटं मिसळतात. पैसे देऊ नका. दिले असतील तर आधार-पॅनच्या ज्या प्रती त्याला दिल्यात त्या परत मागा, आणि म्हाडाच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने आधीच खातं उघडलंय का ते तपासा. उघडलं असेल तर मोबाइल क्रमांक कोणाचा टाकलाय ते बघा. परताव्याचं बँक खातं आणि ओटीपी तुमच्याच हातात असले पाहिजेत.

भावाचं म्हणाल तर तो सज्ञान आणि कमावता आहे. म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत तो तुमच्याइतकाच स्वतंत्र अर्जदार. दोघांनी एकाच योजनेत अर्ज केला तरी हरकत नाही, दोघांची नावं लागली तर दोन घरं होतील. ही मुभा नवरा-बायकोला नाही, त्यांना मिळून एकच घर.

क्लस्टरचं उत्तर मात्र नाही असं आहे. क्लस्टर असो की झोपडपट्टी पुनर्वसन, तिथे माणसं किंवा कुटुंबं मोजत नाहीत, बांधकामं मोजतात. एक खोली, एक पात्र धारक, एक घर. त्या खोलीत तीन सज्ञान मुलं राहत असली तरी घरं तीन होत नाहीत, आणि मधे पडदा किंवा भिंत घालून विजेचे दोन मीटर घेतल्यानेही होत नाहीत. ते घर बाबांच्या नावावर येईल. तेव्हा सर्वेक्षणाला माणसं आली तर बाबांचे जुने कागद, करपावती, वीजबिलं एका फाइलमध्ये तयार ठेवा, आणि सर्वेक्षणाच्या यादीत हौसेने तुमचं नाव धारक म्हणून जोडू देऊ नका. ते जोडलं गेलं तर वरचा मालकीचा सगळा प्रश्न तुमच्याच दारात येईल.